काजळी नसलेला कोनाडा

तीन मजले चढायला तुम्हाला किती वेळ लागतो? माझ्या आईला पंचवीस मिनिटं लागतात. प्रत्येक वळणावर ती कठडा धरून थांबते आणि वरून कुणी आलं तर फोनवर बोलत असल्यासारखं करते. इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून हा फ्लॅट विकून पाथर्डी फाट्याकडे तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं. हा विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं.

एजंटनं सगळं बरोबर सांगितलं. बाथरूमची ओल काढा, बाल्कनीतले डबे हलवा, बेडरूमचा जांभळा रंग घालवा. "मोकळं घर मोठं दिसतं, ताई." मग हॉलमधल्या निळ्या कोटातल्या तसबिरीसमोर तो थांबला. "राग मानू नका. ही तेवढी आत ठेवा. मला काही नाही हो, पण पार्टी भाव पाडते."

"किती पाडते?"

"खालचा फ्लॅट गेला त्यापेक्षा चार लाख कमी धरा."

खालचा फ्लॅट आमच्याएवढाच आहे. ओल त्याला जास्त होती.

मी आईशी भांडले. बाबा द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यात होते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि त्यांच्यावरच मी वाचायला शिकले, त्यामुळे भांडताना माझी वाक्यं आपोआप पत्रकासारखी होतात. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं भाषण? जिना मला चढायचाय."

तिनंच तसबीर उतरवली आणि धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली.

ओट्याशेजारी बिल्डरनं प्रत्येक फ्लॅटला देवघरासाठी एक कोनाडा दिलाय, पांढऱ्या टाइलचा. आमच्या कोनाड्यात बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा गेल्यावरही ते तिथंच राहिले. ते काढताना मी फरशीवर बसून वाचत राहिले. वस्तीचं पाणी, रात्रशाळा, भाडेवाढ. यातला कुठला प्रश्न सुटला, असं वाटत राहिलं.

"वाचत बसलीस तर दिवाळी येईल," आई म्हणाली.

प्रत्येकातलं एकेक ठेवलं, बाकी रद्दीत घातलं. कोनाडा मी तीनदा पुसला. अगदी लख्ख केला. चूक तिथंच झाली.

घर बघायला एक जोडपं आलं. दोघंही शिक्षक, बोलायला चांगले. त्यांनी नळ सोडून पाहिले, ओलीची जागा दाबून पाहिली. भाव जवळजवळ जमला होता, एजंट मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणत होता. बाई स्वयंपाकघरात रेंगाळल्या. "ऊन छान येतं हो." मग कोनाड्याच्या वरच्या टाइलवरून त्यांनी बोट फिरवलं.

"देव कुठे ठेवायचात तुम्ही? इथं काजळीच नाही. आमच्याकडे समईनं सगळी टाइल काळी झालीय."

"मॅडम, नवा रंग दिलाय ना," एजंट घाईनं म्हणाला.

"टाइलला?"

शेवटी आईनं सांगितलं, "तिथं कागद ठेवायचो आम्ही."

त्यांनी मान हलवली. चहा पूर्ण घेतला, कप स्वतः ओट्यावर नेऊन ठेवले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. अपमान केला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी काहीच कळवलं नाही.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. "ताई, कोनाड्यात लाकडी देव्हारा ठेवू. माझ्याकडे आहे एक, आधी दोन फ्लॅटना वापरलाय. आठवडाभर दिवा लावा, काजळी आपोआप धरते."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. इतकी थकले होते. फोन स्पीकरवर होता. आईनं तो माझ्या हातातून घेतला.

"दादा, आहे ते झाकलं, ते माझ्या गुडघ्यांसाठी. नाही ते मांडणार नाही. तुम्ही भाव पाडा."

"मावशी, मग चार नाही, पाच लाख पडतील."

"पाडा."

त्या दिवशीच तसबीर हॉलमध्ये परत लावली. रंगाऱ्यानं जुना खिळा उपटला होता, नवा ठोकावा लागला. पाच लाख कमी धरल्यावर पाथर्डी फाट्याचं घर आमच्या आवाक्यात राहिलं नाही, ते दुसऱ्या कुणी घेतलं. आता आम्ही आणखी लांब, एका खोलीनं लहान काही मिळतंय का ते बघतोय. आमचा फ्लॅट अजून विकायचाच आहे. आई आठवड्यातून एकदा, डॉक्टरकडे जायला तेवढी खाली उतरते.

तुम्ही या रविवारी कुठे घर बघायला जाणार असाल, तर नळ सोडून बघा, ओल बघा, सोसायटीची थकबाकी विचारा आणि त्यावरून हवी तेवढी घासाघीस करा. पण जिन्यात तुमचा एजंट "लोक कोण आहेत माहितीये ना" असं कुजबुजायला लागला, तर त्याला तिथंच, पायरीवरच थांबवा आणि त्याचं बोलणं ऐकायला नकार द्या.