तो देव नव्हता

साहेबांनी माझ्या हातात पेटती चिलीम दिली आणि पाहुण्यांकडे बघून डोळा मारला. "दे तुझ्या भावाला. दोन झुरके मारू दे, मग बघा देव कसा बोलतो ते."

भाऊ साहेबांच्या अंगणात मातीत बसला होता. सोळा वर्षांचा. कपाळभर कुंकू. पाहुणे वर व्हरांड्यात, खुर्च्यांवर. साहेब आमच्याच विदर्भातले, म्हणून मनाला जास्त लागलं. पण कामावरचे साहेब. बोलावलं की जावंच लागायचं.

भिलाईत कारखाना उभा राहत होता. मी रेजा, घमेली वाहायची. भाऊ खोदकामावर. थकवा जातो म्हणून तिथल्या मोठ्यांनी त्याला गांजा शिकवला. पुढे त्याला हाका ऐकू यायला लागल्या. आई म्हणाली, अंगात आलं. माझ्या काकाच्याही अंगात यायचं. मग आईने त्याला पाटावर बसवलं आणि देवाचा नैवेद्य म्हणून चिलीमच पुढे केली. काय आमची अक्कल! जितका ओढायचा, तितक्या हाका वाढायच्या. एक दिवस मी वाढलेला भात ढकलून म्हणाला, "ताई, तू मले जहर देऊन राहिली."

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, घरात आधी कोणाला होतं का? मी काकाचं सांगितलं. "ऐसे घर के लड़के का दिमाग गांजे से जल्दी बिगड़ता है. छूने भी मत देना."

आईने हे मानलं नाही. आणि आता साहेब, ज्यांना मी हे सगळं आधीच सांगितलं होतं.

"घाबरतेस काय? काका वेडा, हा वेडा. तुमच्या रक्तातच आहे ते!"

सगळे खो खो हसले.

घाबरले होतेच मी. कारण ते खोटं नव्हतं. तेच रक्त माझ्यात. कोणी मागून हाक मारली की छातीत धस्स व्हायचं, खरंच मारली का? पण हे ठाऊक असून हा शिकलेला माणूस गंमत म्हणून माझ्या भावाला गांजा पाजत होता.

मी चिलीम पायरीवर उलटी केली.

"नाई देत. देव नोहे तो. बिमार हाये माहा भाऊ."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"नाई येत."

घरी आई म्हणाली, "देव कोपन व, पोरी."

कोपू दे. भाऊ बरा होईल की नाही, माहीत नाही. उद्या कदाचित माझंही डोकं फिरेल. ती भीती अजून आहे. पण तसं झालं तर मला कोणी देव करायचं नाही, कोणी हसायचं नाही. सरळ दवाखान्यात न्यायचं. शुद्धीत आहे तोवरच हे आईला बजावून ठेवलं.