पावसाच्या यंत्राला अभिषेक

मी पुण्यात हवामानाच्या अंदाजाचं काम बघतो. बघतो म्हणजे नुसतंच बघतो, कारण सगळं आपोआप चालतं. जगभरच्या यंत्रांकडून नोंदी येतात. एक प्रोग्राम त्या तपासतो आणि खोट्या वाटतील त्या फेकतो. त्याचं उरकलं की दुसरा पुढच्या दिवसांचं गणित मांडतो, मग तिसरा अंदाज पाठवतो.

माकणीजवळच्या आमच्या गावात पाऊस मोजायचं यंत्र बसलं तेव्हा माझी छाती फुगली होती. उद्घाटनाला सरपंचांनी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. यंत्रानं इमानदारीत पाऊस नोंदवला. आसपास कुठंच ढग नव्हता, म्हणून तपासणीत ती नोंद बाद झाली. पुढं कुणीही पाहुणा आला की हार, नारळ, फोटो आणि पुन्हा तांब्या. मी हात जोडले, पण ऐकतंय कोण! काही चालू दिसलं की त्यावर पाणी ओतल्याशिवाय या लोकांना चैनच पडत नाही. शिसारी येते. शेवटी प्रोग्रामनं आमच्या यंत्राचं ऐकणंच सोडलं.

यंदा काढणीला आलेलं सोयाबीन पावसात कुजलं. यंत्रानं तो पाऊस बरोबर टिपला होता. पुण्यात माझ्या पडद्यावर मात्र गाव कोरडं ठणठणीत, आणि गावाला अंदाजही तसाच गेला.

गावी गेलो तर यंत्रापाशीच गर्दी होती. सरपंच सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तुमचा कम्प्युटर लई थापा मारतोय बगा."

शेजारी कुणी नवा साहेब हार घालून उभा होता, आणि सरपंचांच्या हातात तांब्या होता.