आमच्या शांतता समितीचे उपद्व्याप

शांतता समितीत बसणाऱ्याला मानधन नसतं. चहा मिळतो आणि किस्से मिळतात. चहा संपतो, किस्से साठत जातात! मी गावातल्या शाळेत शिक्षक, म्हणून मला न विचारताच समितीचा सचिव.

आमचं गाव मांजरसुंब्यापासून आत. दोन आळ्या, दोन पुढारी. वरच्या आळीचे बापूराव, खालच्या आळीचे आप्पा. सख्खे चुलतभाऊ, आणि सरपंचपदाला एकमेकांसमोर उभे. मागच्या निवडणुकीत दगडफेक झाली होती, म्हणून यंदा फौजदारसाहेबांनी बजावलं, "एक जरी दगड उडाला, तर पुढच्या वेळी तुमचं बूथ घाटापलीकडच्या गावात!" म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं मतदान संपलंच. काठी टेकत येणारी कोंडाबाई मला रोज दटावायची, "गुरुजी, मला मतासाठी घाट चढाय लावलंत तर बघा!" मला खरंच धास्ती बसली होती.

*

पहिल्याच बैठकीत शांततेची शपथ होती. ती आधी कोण वाचणार, यावरून बाह्या सरसावल्या! मी तोडगा काढला, दोघांनी एकदम वाचा. बापूरावांचं आधी वाचून झालं. त्यांच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या, "जिंकलो!"

आप्पा भडकले, "त्यानं मधल्या दोन ओळी गाळल्या! शपथ पुन्हा घ्या!"

*

चहा कुणाच्या हॉटेलातून आणायचा, हाही प्रश्नच. एक हॉटेल वरच्या आळीत, एक खालच्या. शेवटी ठरलं, दोन्हीकडून आणायचा आणि निःपक्षपाती सचिवानं दोन्ही प्यायचे. निवडणूक होईपर्यंत माझं पित्त लोकशाहीसाठी खवळलेलं होतं.

*

ऊसतोडीला गेलेल्यांना आणायला दोन्ही गटांच्या गाड्या कारखान्यावर गेल्या. आमचा नामदेव बापूरावांच्या जीपमधून उतरला, त्याची बायको आप्पांच्या टेम्पोतून.

मी विचारलं, "कावून रे नामदेवा, भांडण झालं का?"

"न्हाई गुरुजी. एकाच गाडीत बसलो तर दुसरा रुसतो. आमाला गावातच राहायचं हाय." मग हळूच म्हणाला, "पण टेम्पोत भजी होती म्हणं. जाताना आमी अदलाबदल करणार!"

*

मतदानाच्या सकाळी मशीन तपासायला लुटुपुटीचं मतदान घेतात. मॉक पोल. दोन्हीकडच्या एजंटांनी बटणं दाबून बघायची आणि मग ती मतं पुसून टाकायची. त्यात आप्पांना दोन मतं जास्त पडली. त्यांचा एजंट बाहेर येऊन कुणाच्या तरी कानाला लागला आणि खालच्या आळीत गुलाल उधळला! खरं मतदान अजून सुरूही झालं नव्हतं.

वरच्या आळीची पोरं ओरडत आली, "फेरमोजणी करा बे!" हातात दगड नव्हते, पण नजरा जमिनीवर होत्या.

*

फौजदारसाहेबांनी मग दोघा पुढाऱ्यांना हात जोडले. "समाजमंदिरात समोरासमोर बसा. तुम्ही शांत दिसलात की गाव शांत."

बापूराव म्हणाले, "तो उठला तर मी बी उठणार."

आप्पा म्हणाले, "तो बसला तर मी कावून उठू?"

दार सताड उघडं होतं. कोपऱ्यात तरुण मंडळाचा कॅरम बोर्ड पडला होता. थोड्या वेळानं सोंगट्यांचा टकटक आवाज यायला लागला. दोन्ही आळ्यांची पोरं खिडक्यांना लटकली. दगडाचं कुणाला सुचलंच नाही! कोंडाबाई मत देऊन आली आणि शाईचं बोट माझ्या नाकापुढं नाचवून गेली. इतक्या गोडीत गावानं कधी मतदान केलं नव्हतं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मतदानाची वेळ संपली, बूथचं दार लागलं. मी धावतच समाजमंदिरात शिरलो. "झालं! एक दगड उडाला नाही. बूथ वाचलं!"

"थांबा गुरुजी," आप्पा मान वर न करता म्हणाले, "राणी ऱ्हायलीय."

"ते असू द्या. पण तुम्ही दोघं मत द्यायला कधी जाऊन आलात?"

दोघांनी एकदम आपापली बोटं बघितली. पावडरीनं पांढरीफट्ट. शाई कुणाच्याच बोटाला नव्हती.