भोंगा वाजेपर्यंत

रविवारी चर्चला उशीर झालेला व्हर्ला डायक्स्ट्राला एक वेळ चालायचा, पण शिडी वेळेआधी बाहेर काढलेली मुळीच चालायची नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका लहानशा कॉलेजच्या हॉलची झाडलोट आणि खेळाडू मुलींचे कपडे धुणं तिच्याकडे. आसपासच्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेची फायनल दर मार्चला तिथेच व्हायची. जिंकलेल्या मुलींनी शिडीवर चढून बास्केटच्या जाळीचा एकेक धागा कापून न्यायचा, असा रिवाज. शिडी व्हर्ला धरायची. केस पिकले, तरी धरली ती परक्या मुलींसाठीच. आपल्या कॉलेजला ते भाग्य कधी लाभलंच नाही. आणि खेळ संपल्याचा शेवटचा भोंगा वाजण्याआधी शिडीला हात लावला की डाव फिरतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

यंदा मात्र आपल्या मुली फायनलला होत्या, आणि चांगल्या पुढे. कॅप्टन ब्रिनचं हे शेवटचं वर्ष. हरली की तिचा खेळच संपला. नवी होती तेव्हा घरच्या आठवणीने रडायची. व्हर्लाच तिला धुण्याच्या खोलीत बसवून गरम सूप पाजायची. त्या पोरीच्या हातात कात्री बघायची, एवढंच व्हर्लाला हवं होतं. खेळ संपत आला तसा तिला धीर धरवेना.

"अगं बाई, ठेव ती शिडी आत!" पॉपकॉर्न विकणारा तिचा नवरा ऑरिन ओरडला. "वेड लागलंय का?"

"दारापर्यंतच आणते रे. तू तुझा मका करपवू नकोस."

शिडी दाराला टेकली आणि खेळ फिरला. शेवटी ब्रिनला दोन फ्री थ्रो मिळाले, कुणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायचे, ते दोन्ही हुकले. भोंगा वाजला तेव्हा मुली एका गुणाने हरल्या होत्या.

पण शिडी तर व्हर्लाला न्यायलाच हवी होती. परक्या मुली नाचत आल्या आणि ती खाली मान घालून शिडी धरून उभी राहिली. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी शिडीला हात लावला. बघते तर ब्रिन, डोळे रडून लाल झालेले.

"तू आत जा गं. तुला कशाला हे बघायला?"

"डुगडुगते ही, मिस व्हर्ला. एकटीने धरू नका."

"मी आधी काढली गं. माझ्यामुळेच झालं."

"मग ते फ्री थ्रो काय शिडीने टाकले?" ब्रिन हुंदका गिळत म्हणाली. "गप धरा आता."

हॉल रिकामा झाल्यावर व्हर्लाने शिडी दुसऱ्या बास्केटखाली नेली आणि कात्री पुढे केली. "चढ. ही जाळी जुनीच झालीय, उद्या बदलणारच होते."

जाळी व्हर्लाने कालच नवी लावली होती. ब्रिन तेव्हा तिथेच सराव करत होती.

ब्रिनने कात्री घेतली, जाळीकडे बघितलं, आणि कात्री परत व्हर्लाच्या खिशात घातली. मग तिला घट्ट मिठी मारली.

"पुढच्या मार्चला येते मी, आपल्या पोरींसाठी शिडी धरायला," ती म्हणाली. "पण भोंगा वाजेपर्यंत हात लावाल तर खबरदार!"