गोंद वाळेपर्यंत

गल्लीत त्याला धुराडं म्हणायचे. लाकूडकाम करणारा मिस्त्री, अंगभर भुसा आणि तोंडात सदा सिगरेट; एक दिवस हा माणूस पेट घेणार, असं बायको म्हणायची. तो पेटला नाही. पायाचा अंगठा तेवढा काळा पडला.

डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "सिगरेट ठेवायची की पाय, ते तुम्ही ठरवा. दोन्ही राहणार नाहीत."

मिस्त्रीने पाय ठेवला. राग तिथेच सुरू झाला आणि त्या पायाबरोबरच लंगडत घरी आला.

चहा झाला की हात आपोआप खिशाकडे जायचा. खिसा रिकामा. मग परक्या गावात उतरलेल्या माणसासारखा तो हात शर्टावर घुटमळत राहायचा. बायकोने लवंग पुढे केली. "चघळा म्हणजे बरं वाटेल."

"माझी दाढ दुखतेय का?"

"मग डोकं तरी कुठे दुखतंय? ते तर आमचं दुखतंय."

समोरचा दुकानदार म्हणाला, मनाचा निग्रह हवा. मिस्त्रीने त्याच्या सुटलेल्या पोटाकडे बोट केलं. "हा निग्रह का?" दुकानदाराने बोलणं टाकलं. हळूहळू गल्लीनेच टाकलं. तल्लफ लाटेसारखी येते आणि ओसरते, असं कुणी तरी सांगितलं होतं. मिस्त्रीची येत नव्हती की ओसरत नव्हती. घरात मुक्कामाला आलेल्या नकोशा पाहुण्यासारखी ती खुर्ची अडवून बसली होती.

कारखान्यात तो आणि त्याचा मेहुणा, दोघंच. मेहुणा मागच्या बोळात लपून ओढून यायचा. आला की मिस्त्री पट्टी घेऊन उगाच त्याच्या शेजारी उभा राहायचा.

"दाजी, एवढे जवळ का?"

"माप घेतोय."

"कसलं?"

"तुझ्या अकलेचं. पट्टी मोठी पडतेय."

आणि तो श्वास खोल आत घ्यायचा. त्या शर्टाच्या वासासाठी आपण या माणसाला चिकटून उभे आहोत, हे कळायचं, आणि मग मेहुण्याचाच गळा धरावासा वाटायचा.

अशात कपडे शिवणाऱ्या बाईंचं टेबल आलं. कापड बेतायचं मोठं टेबल, वर गुळगुळीत पांढरी शीट. असली टेबलं मिस्त्रीने आयुष्यभर केली होती. फळीला गोंद, शीटच्या पाठीला गोंद, दोन्ही जरा वाळू द्यायचे, मग एकावर एक ठेवून मधून कडेकडे दाबत जायचं. एकदा चिकटलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटायचं नाही.

चार दिवसांत बाईंचा निरोप आला: फुगे आलेत. मिस्त्री गेला, हात फिरवला. पांढऱ्या शीटखाली ठिकठिकाणी हवा फुगली होती, पोळल्यावर कातडी फुगते तशी. त्याने गोंदवाल्याला दुकानात जाऊन फाडून खाल्लं, गोंद बदलला, शीट खरवडून काढली, नवी लावली. पुन्हा फुगे.

बाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. "तुमच्या हातचं टेबल माझ्या आईकडे अजून आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून आणखी एकदा सांगते. नाही जमलं तर दुसरा मिस्त्री बघेन."

दुसरा मिस्त्री! हे शब्द रस्ताभर त्याच्या पायात काट्यासारखे मोडत राहिले. डॉक्टर लबाड होता. पाय की सिगरेट, एवढंच विचारलं. हाताचं बोललाच नाही. सिगरेट गेली आणि जाताना हात घेऊन गेली. हात नसलेल्या सुताराने पाय घेऊन करायचं काय? नाचायचं?

तिसऱ्या खेपेला फळीला गोंद लावला, शीटला लावला आणि तो तडक दाराशी बसलेल्या मेहुण्यासमोर उभा राहिला.

"काढ."

"काय काढू?"

"वरच्या खिशात आहे ते."

मेहुण्याने खिशावर हात दाबला. "ताई मला दारात उभं करणार नाही."

"इथे मालक मी आहे का तुझी ताई?"

"कारखान्यात तुम्ही. पाय तिचा आहे."

मग मिस्त्री फुटला. मेहुण्यापासून सुरुवात केली, त्याच्या लग्नातल्या मानपानावर गेला, तिथून डॉक्टर, डॉक्टरांची फी, गोंदवाला, लवंग, निग्रहवाला दुकानदार, आणि शेवटी आपला मेलेला बाप, ज्याने रंधा आणि सिगरेट एकाच दिवशी हातात दिली होती. बापाशी आल्यावर शिव्या संपल्या. तो दाराची चौकट धरून धापा टाकत राहिला.

मेहुणा उठून आत गेला होता. बोटाची मागची बाजू गोंदाला लावून त्याने हाक मारली, "दाजी, आता बोटाला चिकटत नाही. दाबू या?"

दोघांनी शीट दाबली. दुसऱ्या दिवशी सपाट. आठवड्यानंतरही सपाट, बाईंची कात्री टेबलावरून पाण्यासारखी गेली.

बाईंकडून परतताना मेहुणा घाबरत घाबरत बोलला. "पूर्वी गोंद लावला की तुम्ही सिगरेट घेऊन दारात जायचात. आत गोंद पेट घेईल म्हणून. ती विझायची तोवर गोंद तयार. आता लावला रे लावला की दाबायला धावता. ओला गोंद आत कोंडतो, मग फुगणारच."

मिस्त्री रस्त्यात थांबला. "आणि हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"उघडलं की अंगावर येता, दाजी."

यावर त्याला जो राग आला, तो घरापर्यंत पुरला.

घड्याळ लावू, असं मेहुणा म्हणाला होता. घड्याळाकडे बघत उभं राहणं मिस्त्रीला जमलं नाही. काटा सरकायचा आणि हात खिशाकडे जायचा. म्हणून आता गोंद लावला की तो दारात जातो आणि शिव्या देतो. गल्लीला सवय झाली आहे. "कोणाची पाळी आज?" दुकानदार समोरून विचारतो.

परवा मोठं कपाट होतं. हवा दमट, गोंद वाळेना. मिस्त्रीने सगळ्यांची उजळणी केली, बापापर्यंत पोचला आणि थांबला. हात शर्टाच्या खिशात जाऊन रिकामा बाहेर आला. अंगठा ठणकत होता.

"अजून चिकटतोय, दाजी," मेहुणा आतून म्हणाला. "मला द्या शिव्या, हव्या तर."

"तुला देऊन देऊन झिजल्यात."

त्याने चौकट घट्ट धरली, एक श्वास घेतला आणि पुन्हा डॉक्टरपासून सुरुवात केली.