दितास माग्तिबायच्या मालिकेत कुणी मरत नाही

दितास माग्तिबायने माझ्या डोळ्यांदेखत जितक्या लोकांच्या थोबाडीत मारल्या, तितक्या लोकांशी मी आयुष्यात धड बोललोही नसेन. आणि माझा तर धंदाच बोलण्याचा. मालिकेच्या सेटवर सोफ्यामागे, पडद्यामागे, वेळ पडली तर जेवणाच्या टेबलाखाली बसून नटांना संवाद सांगणारा मी माणूस. नायक-नायिका एकमेकांच्या डोळ्यांत बघून जन्मभराच्या शपथा घेतात, तेव्हा त्या शपथा आधी मी घेतलेल्या असतात, टेबलाखालून, हळू आवाजात. त्यामुळे दितासच्या थपडांचा आवाज माझ्याइतका जवळून कुणीच ऐकलेला नाही.

ती बातांगासकडची. तिकडची दोन माणसं एकमेकांची खुशाली विचारायला लागली, तरी शेजारी भांडण सोडवायला धावतात. सतराव्या वर्षी गावच्या मे महिन्यातल्या मिरवणुकीत ती राणी झाली होती. पांढरा झगा, डोक्यावर मुकुट, हातात फुलं, पुढे बँड. बरोबर चालणाऱ्या मुलाने तिच्या झग्याच्या घोळावर पाय दिला. दुसरी एखादी राणी कसनुसं हसून पुढे गेली असती. दितासने फुलं डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने त्याला अशी एक दिली की बँड थांबला. मनिलाहून पाहुणे म्हणून आलेले एक दिग्दर्शक गर्दीतून वाट काढत तिच्या आईकडे गेले. आईला वाटलं, तक्रार आली. दिग्दर्शक म्हणाले, मुलीला टीव्हीवर घेतो. नायिका म्हणून का, असं आईने हरखून विचारलं. ते म्हणाले, नायिका पोत्याने मिळतात, असा हात मिळत नाही.

गंमत अशी की त्या मुलाला अजिबात लागलं नव्हतं. तळवा थोडा पोकळ धरून गालाच्या कडेला मारायचं, म्हणजे आवाज फटाक्याचा आणि मार पिसाचा, ही विद्या तिला जन्मजात होती. तोच मुलगा पुढे तिचा नवरा झाला आणि लागलं नव्हतं असं अजूनही शपथेवर सांगतो. ती शेजारी बसलेली असते, एवढीच काय ती शंका.

केसोन सिटीच्या आमच्या स्टुडिओत ती आली आणि ‘मिठागराची राणी’ या मालिकेत खलनायिका झाली. गरीब विधवेचं मिठागर हडपायला निघालेली डोन्या बेलेन. विधवेचं काम करायच्या मामांग चोलेंग. मामांग म्हणजे आई, आणि त्या खरोखरच सगळ्या स्टुडिओच्या आई होत्या. मूल एकही नव्हतं, मारिकिनाला घर आणि घरात मांजरं. सेटवर मात्र दिवे लावणाऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना जेवलास का विचारत फिरायच्या, आणि दुपारी स्वतः जेवल्या की बसल्या जागी घोरायला लागायच्या. ते घोरणं स्टुडिओत प्रसिद्ध होतं. त्यांच्या डुलकीच्या वेळी आम्ही फक्त मारामारीची दृश्यं घ्यायचो.

दितासचं काम इतकं चोख, की कुबावच्या बाजारात आलिंग बेबांग नावाची कोळीण तिला मासे द्यायची नाही. म्हणायची, “विधवेचं मिठागर गिळलंस, आता मासा कशाला? नुसतं मीठ खा.” दितास तिला थँक्यू म्हणून दुसऱ्या दुकानात जायची. खलनायिकेला याहून मोठी पावती काय मिळणार?

मग तिची आई अंथरुणाला खिळली. दितासने गावी जायला सुट्टी मागितली. तेव्हाचे साहेब म्हणाले, सुट्टी कसली, डोन्या बेलेनला मारून टाकू. मालिकेत एकदा मेलं की मेलं. दुसरं काम मिळेपर्यंत लोक नाव विसरतात. दितासला हे पक्कं माहीत होतं. तरी तिने मान डोलावली, कारण आई एकच होती.

इथे आमच्या कामाची रीत सांगायला हवी. आम्ही सकाळी लिहितो, दुपारी चित्रित करतो आणि संध्याकाळी दाखवतो. शाई वाळायच्या आत देश रडायला लागला पाहिजे. चूक झाली तर ती चूकच गोष्ट होते, कारण पुन्हा करायला वेळ कुणाला आहे? तर त्या दिवशी डोन्या बेलेन दरीत पडली. मामांग चोलेंगनी दरीच्या तळाशी तिच्या देहाजवळ बसून म्हणायचं होतं, ‘गेली बिचारी.’ मी झुडपामागून तीनदा सांगितलं. मामांगनी पायाशी डोळे मिटून पडलेल्या दितासकडे पाहिलं, मग सरळ तिला ओलांडून पुढे गेल्या आणि नदीकडे बघत म्हणाल्या, “प्रेत कुठंय? मला तर काही दिसत नाही. नदीनं नेलेली दिसतेय.”

दिग्दर्शक ओरडले. मामांग म्हणाल्या, मोतीबिंदू आहे रे बाबा, काय करू? पुन्हा करायला वेळ नव्हता. झोपलेली दितास तेवढी चित्रातून कापली आणि संध्याकाळी देशाला कळलं की डोन्या बेलेनचं प्रेत सापडलेलं नाही. आलिंग बेबांगने त्या आनंदात दितासला चांगला जाडजूड बांगुस मासा फुकट दिला. म्हणाली, “मेलीस, बरं झालं. प्रवासाला जपून जा.”

आईचं सगळं शेवटपर्यंत करून दितास परत आली, तेव्हा तिला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. प्रेत सापडलं नव्हतं ना? डोन्या बेलेन गालावर भाजल्याचा डाग घेऊन नदीतून वर आली आणि आल्या आल्या नायिकेच्या थोबाडीत मारली. देशाने टाळ्या वाजवल्या.

पुढे वय वाढलं तशी ती कॅमेऱ्यासमोरून हळूहळू मागे सरकली. कुणाच्या मुलीचं बारसं कधी, कुणाला संध्याकाळची बस गाठायची आहे, हे तिला पाठ असल्यामुळे चित्रीकरणाचं वेळापत्रक तीच लावायला लागली. मग नट निवडायला लागली. मग एके दिवशी मालिका विभागाची प्रमुख होऊन काचेच्या खोलीत बसली. आम्ही सगळे म्हणालो, आयुष्यभर दुष्टपणा केलेल्या बाईला साहेब व्हायला वेगळं शिक्षण कशाला? पण खुर्चीत बसल्यावर तिने पहिला नियम केला तो हा: माझ्या मालिकेत प्रेत दाखवायचं नाही. ज्याला जायचंय त्याने दरीत जावं, समुद्रात जावं, नाहीतर कॅनडाला जावं. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणी आजारी पडलं, कुणी नवऱ्यामागे दुबईला गेलं. सगळ्यांना परतीची वाट ठेवलेली. लेखक कुरकुरायचे की दरीत आता जागा उरली नाही. ती म्हणायची, दुसरी दरी शोधा.

‘मिठागराची राणी’ अजून चालूच होती. आमच्याकडे मालिका माणसांपेक्षा जास्त जगतात. आणि मग मामांग चोलेंगना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, पण डावा हात लुळा पडला, बोलणं संथ झालं. डॉक्टरांनी काही महिने विश्रांती सांगितली.

चॅनलच्या मालकांचा मुलगा म्हणजे सर तोतोय. तोतोय म्हणजे बाळ्या. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, पण आईने ठेवलेलं नाव कुणी बदलायचं? सर तोतोयना मामांगच्या आजारात प्रेक्षकसंख्या दिसली. त्यांनी फर्मान काढलं की विधवा मरणार, आणि नुसती मरणार नाही, आठवडाभर मयत ठेवायचं. काचेच्या झाकणाची पेटी, आत मामांगचा चेहरा, भोवती रात्र जागवणाऱ्यांसाठी कॉफी, बिस्किटं, पत्ते, आणि रडारड. शुक्रवारी दफन. आमच्या देशात लग्नापेक्षा मयताला गर्दी जास्त, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दितासने नियमाची आठवण करून दिली. ते म्हणाले, नियम तुझा, चॅनल माझं.

मामांगना सगळं कळत होतं. लुळ्या हाताच्या म्हातारीला शुक्रवारनंतर मनिलात कुणी उभं करणार नव्हतं. मालिकेच्या नावांतून नाव गेलं की चॅनलच्या खर्चाचा दवाखानाही जातो. उरली असती मारिकिना आणि मांजरं. तरी त्या काठी टेकत काचेच्या खोलीत आल्या त्या केळीच्या पानातली गरम बिबिंका, म्हणजे तांदळाचा केक, घेऊन. मी तिथेच होतो. दितासने दरीचा विषय काढताच मामांग हसल्या.

“दरीत ढकलायला मी आता फार जड झाले गं. उगाच एखाद्या पोराची कंबर जायची. पेटीत झोपव मला. तू इतकी वर्षं सांभाळलंस, ते काय कमी आहे?”

दितासने बिबिंकाचा पहिला तुकडा मामांगच्या हातात ठेवला. मग म्हणाली, “फक्त झोपायचं, मामांग. मरायचं नाही. बाकीचं माझ्याकडे.”

“काचेखाली श्वास येतो का?”

“भोकं पाडून घेते.”

सोमवारी मयताचं चित्रीकरण होतं. दुपारी दितासने स्वतः मामांगना वाढलं. सिनिगांग म्हणजे चिंचेतला डुकराच्या मांसाचा रस्सा, भाताचा डोंगर, आणि वर लेचे फ्लान या अंड्या-दुधाच्या गोडाचा एवढा मोठा तुकडा, की पाहूनच माझी पापणी जड झाली. मग मामांग लेसचा झगा घालून पेटीत झोपल्या आणि मी पेटीखाली फुलांच्या आड बसलो. नायिका रडायला लागली. मी खालून सांगत होतो, ‘आई, तू मला सोडून का गेलीस?’ एवढ्यात माझ्या डोक्यावर आधी बारीक शिट्टी वाजली, मग जातं फिरावं तशी घरघर. नायिकेने हुंदका वाढवला. आईने त्यावर ताण केली. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला की घोरणं वेगळं काढता येणार नाही, कारण माइक पेटीजवळच्या फुलांत आहे, तिता दितासनी तिथेच लावायला सांगितला होता. स्टुडिओतली तरुण मुलं तिला तिता म्हणतात, म्हणजे मावशी.

पुन्हा करायला वेळ नव्हता. संध्याकाळी सगळ्या देशाने मयत घोरताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तोतोय लाल होऊन आले. म्हणाले, आजच्या आज पुरून टाका, आणि या बाईला घरी पाठवा. बाई म्हणजे दितास. तिने टेबलावरची पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे जायची तयारी झाली. मग बोलली, बातांगासच्या मानाने अगदी हळू.

“मी जाते, सर. पुरायला मात्र तुम्हीच उभे राहा. काल अख्ख्या देशाने तिचा श्वास ऐकलाय. जिवंत आईला पुरणारं चॅनल म्हणून लोक आपल्याला ओळखतील.”

सर तोतोय काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर त्यांची आई. आमच्या सर्वांत निष्ठावान प्रेक्षक. त्या काय म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण सर तोतोय उभ्या उभ्या बाळ्या झाले. “नाही आई. नाही पुरत. नाही, मी नाही सांगितलं. हो, जेवलो.” फोन ठेवून त्यांनी घाम पुसला आणि दितासला विचारलं, “मग पेटीत आहे तरी कोण?”

“केळीचा बुंधा,” दितास म्हणाली.

सर तोतोयनी मान डोलावली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मोठ्या वडाच्या झाडात राहणाऱ्या अदृश्य मंडळींना एखादं माणूस आवडलं, की ती ते घेऊन जातात आणि जागी केळीचा बुंधा ठेवतात, हुबेहूब त्या माणसासारखा दिसणारा. हे आमच्याकडे शाळेत शिकवत नाहीत, कारण सगळ्यांना आधीच येत असतं.

शुक्रवारी दफनभूमीत शेवटच्या आशीर्वादासाठी पेटी उघडली, तर आत लेसच्या झग्यात, जपमाळ घातलेला, केळीचा बुंधा. माझी बायको टीव्हीसमोर किंचाळली. तीच सेटवर डबे पुरवते, आणि तो बुंधा आमच्याच परसातला होता.

शनिवारी मी कुबावच्या बाजारात गेलो तर आलिंग बेबांग भाषण देत होती. मेलेलं माणूस घोरत नाही, हे तिने सोमवारीच ओळखलं होतं म्हणे. मी विचारलं, पण बुंधा तरी घोरतो का? “साधा नाही घोरत,” ती म्हणाली. “वडातल्यांचा आहे तो. तुम्ही टीव्हीवाले, तुम्हाला काय कळतंय?” आणि मामांग परत येतील तेव्हा द्यायला म्हणून तिने एक बांगुस आताच कबूल करून टाकला. दितासलाही एक माझ्या हाती दिला. आयुष्यात पहिल्यांदाच, ती जिवंत असताना.

मामांगचं नाव रोज संध्याकाळी मालिकेच्या नावांत येत राहिलं, आणि नावाबरोबर दवाखानाही राहिला. मारिकिनाला आम्ही पाळीपाळीने जायचो. मी त्यांच्याकडून संवाद म्हणून घ्यायचो, म्हणजे जीभ वळावी. त्या मला जेवलास का विचारायच्या. त्यातही जिभेला व्यायाम होताच.

सप्टेंबरात, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, दुकानांतून नाताळची गाणी वाजायला लागली, त्याच आठवड्यात मामांग वडाच्या ढोलीतून बाहेर आल्या. अंगात तोच लेसचा झगा, डावा हात शालीखाली. वडातल्यांच्या घरचं खाल्लं की हात असा होतो, असं लेखकांनी लिहिलं होतं. मी मुळांच्या मागून सांगितलं, ‘पोरी, मी परत आले.’ मी पुन्हा सांगितलं. त्यांनी नायिकेकडे पाहिलंच नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला दितास उभी होती, तिच्याकडे पाहून एकेक शब्द सावकाश उचलत म्हणाल्या, “दार उघडं ठेवलं होतंस. म्हणून येता आलं.”

असलं काही कुणी लिहिलेलं नव्हतं. पण पुन्हा करायला वेळ कुठे होता? संध्याकाळी तेच दाखवलं, आणि कुबावच्या बाजारात मासे बराच वेळ कुणी तोलले नाहीत.

दिवे विझले. दितास मामांगजवळ गेली. सगळ्या देशाला रडवून स्वतः कधी न रडलेल्या त्या बाईने लेसच्या बाहीला डोळे पुसले, बाही मामांगची होती. मग माझ्या बायकोकडे वळून तिने हुकूम सोडला.

“मामांगना जेवायला वाढ. पण आज फ्लान नको. अजून दोन दृश्यं बाकी आहेत.”