मिशांचं मासिक का बंद पडलं

सोलापुरात एके काळी केवळ मिशांना वाहिलेलं मासिक निघत असे, ही गोष्ट मी आयुष्यभर बैठकीत हशा पिकवायला सांगत आलो. मासिक मिशांचं, आणि त्यातली एकुलती जाहिरात दाढीच्या ब्लेडांची! एवढं म्हटलं की लोक मांड्या थोपटत. मग शेवटी मी सांगायचो, वाचकच मिळाले नाहीत, मासिक आपोआप मेलं. एका स्मरणिकेत मी हे छापूनही बसलो आहे.

ते खोटं आहे. वाचक होते. मासिक मी मारलं. ज्याचं ते होतं तो आता नाही, त्याची बहीणही नाही. माझ्या लेखाला हसलेले लोक मात्र अजून आहेत, म्हणून हे लिहितो.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. गिरणीत कारकून होता, शुक्रवार पेठेत वडिलांसोबत राहायचा. त्याच्या मिशा बघायला माणसं वळून थांबत. मेण आणि एरंडेल एकत्र कढवून तो स्वतःचं मलम करी. झोपताना मिशांवर मलमलीची पट्टी बांधे. पावसाळी हवेत पीळ उतरतो म्हणून आषाढात त्याचं मलम वेगळं. रविवारी सकाळी त्याच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानासमोर त्याच्यासारखेच षौकीन जमत. तालमीतले पैलवान, पलटणीतून निवृत्त झालेला एक हवालदार, भवानी पेठेतला तेलुगू बोलणारा एक विणकर. ताक पिताना मिशी कशी वाचवावी यावर ही माणसं उन्हं डोक्यावर येईपर्यंत बोलत. ऐकणाऱ्याला वेड लागे, पण त्यांना कंटाळा ठाऊक नव्हता.

मी भवानी पेठेत एका लहान छापखान्यात कंपोझिटर होतो. तीस सालचा मार्शल लॉ होऊन गेल्यानंतरचे दिवस. आमचे मालक राजकारणाचा एक शब्द छापायला धजत नव्हते आणि लग्नपत्रिकांवर दिवस काढत होते. अशात मित्रानं मला विचारलं, "मिशांचं मासिक काढलं तर चालंल का रे? खरं सांग."

मला वाटत होतं, चालणार नाही. एक अंक दुकानात आला की न्हावी तो मोठ्यानं वाचणार, सगळे फुकट ऐकणार, विकत कोण घेणार? पण मालक खूश होतील, मुखपृष्ठावर व्यवस्थापक म्हणून माझं नाव येईल, हेही दिसत होतं. मी म्हणालो, "चालेल म्हणजे? धावेल! रोज सकाळी आरशात बघणारा माणूस तुझा वाचक."

त्याच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. माळशिरसाकडून आलेले, दम्यानं थकलेले, ओट्यावर बसून सगळं ऐकत. ते म्हणाले, "दर म्हयन्याला काय लिवणार रं? मिशी काय दर म्हयन्याला पिलं घालती व्हय?"

"घालती की अण्णा," मित्र म्हणाला. "तुमी बघाच."

आणि खरंच, लिहायला कधी कमी पडलं नाही. हवालदारानं पलटणीतल्या मिशांवर लेखमाला दिली. विणकर तेलुगूत सांगायचा, मित्र मराठीत उतरवायचा. सर्दीतली मिशी, पिकू लागलेली मिशी, बायकोला न आवडणारी मिशी. लोक हसत आणि वाचत. पण मी धरलं होतं तसंच झालं, वाचणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. एका अंकात सगळी तालीम भागायची. जाहिरातींवाचून कागद येणार नव्हता. तेलवाले म्हणत, मिशीला थेंबभर तेल लागतं, त्यासाठी जाहिरात कशाला? शेवटी आला एक ब्लेडवाला व्यापारी. त्याचा हिशोब सरळ होता. मिशीवाल्याला गाल आणि हनुवटी तर करावीच लागते, ती त्यानं घरी करावी. ही जाहिरात सुरू झाली आणि मासिकाचा श्वास नीट झाला. मित्र म्हणू लागला, आता गिरणी सोडतो आणि हेच करतो. गिरणीचा त्याला वीट आला होता. त्याचं सगळं त्या मासिकावर लागलेलं होतं.

मग व्यापाऱ्याला नवी हौस आली. संपादकाचाच चेहरा जाहिरातीत हवा, तोही सफाचट. मिशांचा राजाच आमच्या ब्लेडनं गुळगुळीत झाला, असं त्याला दाखवायचं होतं. नाही तर जाहिरात बंद.

मित्र हसला. "शेठ, माझा बाप जिता हाय. बाप असताना ओठावर वस्तरा न्हाय फिरत आमच्यात." व्यापारी गुजराथकडचा होता, तो खांदे उडवून गेला. मित्र मला म्हणाला, "जाऊ दे. दुसरा कुणी मिळंल."

दुसरा कुणी मिळणार नव्हता. आणि मासिक बुडालं तर मी दिलेला सल्ला बुडणार होता.

मित्राच्या चेहऱ्याचा लाकडी ठसा दर अंकाच्या पहिल्या पानावर येई. तो नीट येण्याआधी कारागिरानं एक कोरला होता, त्यात नाक बाकदार झालं म्हणून आम्ही तो बाजूला टाकला होता. मी तो काढला आणि कोरणीनं मिशी खरवडली. लाकूड मऊ होतं. छापून पाहिलं तर वरचा ओठ पांढरा स्वच्छ आला. मित्र अंकाची सगळी मुद्रितं वाचून देत असे, ते एक पान मी त्याला दाखवलं नाही. छापून झाल्यावर तोही हसेल, असं मी धरून चाललो. माझे वडील मी लहान असतानाच गेले, म्हणून त्या पांढऱ्या ओठाचा अर्थ मला जाणवला नाही, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. तेही खोटं. कोरणी चालवताना मला जाणवलं होतं.

अंक नेहमीप्रमाणे टपालानं गेले. एक वेळापूरला गेला, मित्राच्या थोरल्या बहिणीकडे. तिला वाचता येत नव्हतं. भावाचं चित्र बघायचं, नवऱ्याकडून दोन गमती वाचून घ्यायच्या, एवढाच तिचा आनंद. त्या दिवशी नवरा बाजाराला गेला होता. तिनं पान उलटलं आणि भावाचं तोंड बिनमिशीचं दिसलं. अण्णांचा दमा वाढल्याचं तिला कळलेलं होतंच. सांगावा आणायला माणूस मिळाला नसेल म्हणून भावानं कागद पाठवला, असं तिनं धरलं, आणि मिळेल त्या सर्व्हिस मोटारीनं ती निघाली.

रविवार होता. आम्ही दुकानासमोर बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशीच तिनं हंबरडा फोडला. "अण्णा, मला न बघताच गेलासा की वो!" शेजारच्या बाया काही न विचारता दारात आल्या आणि दोघी-तिघींनी तिच्याबरोबर गळा काढला.

अण्णा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. ते उठले आणि काळजीनं म्हणाले, "कोन गेलं गं बाय?"

ती बघत राहिली.  लुगड्याच्या ओच्यातून तिनं अंक काढला. तो बायांच्या हातून अण्णांच्या हातात गेला. गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णांनी चित्र लांब धरून पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"मी हितं बसलोय," ते म्हणाले, "आन् कागदावर मला जाळून आलास व्हय रं?"

मित्रानं अंक घेतला. त्या बाकदार नाकावरून त्याला सगळं कळलं असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता, आणि मी ते उघडलं नाही.

"माझी चूक झाली, अण्णा," तो म्हणाला. "माझ्या ध्येनात आलं न्हाय."

त्या दिवसापासून अण्णा त्याच्या पंगतीला बसले नाहीत. ताट बाहेर ओट्यावर मागवून घेत. मिशीच्या पेपरानं बाप मारला, अशी पेठेत टवाळी सुरू झाली. पुढचा अंक निघाला नाही. मित्र गिरणीतच राहिला.

विणकर तीनदा छापखान्यात येऊन गेला. "अंक कवा?" त्यानं मोडक्या मराठीत विचारलं. तालमीची पोरंही आली. आता आम्ही वर्गणी काढून घेतो, पण काढा, म्हणाली. म्हणजे घेणारेही तयार झाले होते. मासिक चाललं असतं. मी त्या सगळ्यांना सांगितलं, गिऱ्हाईक नाही, परवडत नाही. ती थाप मी पहिल्यांदा मारली ती तिथं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा दम्यानं गेले. मोटारीवरच्या माणसाबरोबर वेळापूरला निरोप धाडला. बहिणीच्या सासूनं तिला उंबऱ्यावरच अडवलं. "मागल्यावानीच आसंल. कागद बगून पळालीस, आता कुनाचं ऐकून पळतीयास? पुन्यांदा हसं करून घ्यायचं हाय का?" खात्री करायला दीर यायचा होता, तो यायला वेळ लागला. ती पोचली तेव्हा अण्णांची राख सावडायची तयारी चालली होती.

गल्लीत शिरताना ती या खेपेला रडली नाही. तिचा भाऊ दारात उभा होता, डोकं आणि ओठ भादरलेला. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "खरंच का रं?"

त्यानं तिचा हात धरून तिला आत नेलं. मी सरपणाच्या ढिगापाशी उभा होतो. 

नंतर रस्त्यात भेटलो की तो मला रामराम घाली. थांबत मात्र नसे.